भिवंडीच्या चुलीला उपरी म्हणणाऱ्यांना

भिवंडीच्या जेवणाविषयी दोन विधानं आलटून-पालटून ऐकू येतात आणि गंमत म्हणजे ती बऱ्याचदा एकाच तोंडून येतात. पहिलं असं की, भिवंडीला स्वतःचं जेवणच नाही. माग आहेत, गोदामं आहेत, ट्रक आणि खड्डे आहेत, आणि खायचंच म्हटलं तर बिर्याणी नाहीतर नहारी. दुसरं असं की, भिवंडीला स्वतःचं जेवण होतं, ते आगरी-कोळ्यांचं, आणि बाहेरून आलेल्या लोंढ्यांनी ते नासवलं. जे नव्हतंच ते नासलं कसं, हे विचारायचं नसतं. पहिल्या विधानात निव्वळ अज्ञान आहे. त्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. दुसऱ्यात हेतू आहे. खाद्यमहोत्सवाच्या मांडवात ‘मूळ चव’ म्हणून जे मिरवलं जातं, तेच निवडणुकीच्या सभेत ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ असं होऊन बाहेर येतं. म्हणून उत्तर द्यायचं ते या दुसऱ्याला.

माझं म्हणणं सरळ आहे. भिवंडीच्या घरगुती स्वयंपाकाचा पाया माणसांच्या जातीत नाही, खाडीत आणि भाताच्या खाचरात आहे. जो जो इथे आला, जहाजाने, पायी, नाहीतर रेल्वेने, त्याला याच पायावर चूल मांडावी लागली. ती चूल आज विझते आहे हे खरं. पण ती विझवणारे हात बाहेरून आलेले नाहीत.

इंग्रजी अमदानीतल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये भिवंडीची नोंद छोटीशी आहे. लोकांचे मुख्य धंदे कोणते, तर भात सडणं आणि कापड विणणं. व्यापार कशाचा, तर तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड. कापड आणि गवत बाजूला ठेवा. उरतं ते एका स्वयंपाकघराचं सामान आहे. तांदूळ, सुकी मासळी आणि चुलीत घालायचं लाकूड. भिवंडीला जेवण नाही म्हणणाऱ्याने निदान ही यादी तरी वाचावी. यंत्रमागाचं गाव म्हणून नाव होण्याआधी हे गाव भाताचं आणि सुक्या मासळीचं होतं, आणि त्यामागे भूगोल होता. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, गावालगत कामवारी, उत्तरेला आणि पूर्वेला वाडा-शहापूरच्या रानापर्यंत पसरलेली खाचरं. खाडीच्या बाजूला बांध घालून समुद्राकडून हिसकावलेल्या खारजमिनी. ज्याने बांध घातला त्याला ती जमीन सवलतीच्या धाऱ्याने, अशी शिलोत्रीची पद्धत ठाणे-कुलाब्यात होती. खारजमिनीत पिकायचं ते जाडं, तांबूस भात. त्या भाताची भाकरी थापताना पीठ उकडून घ्यावं लागतं आणि हात पाण्याने ओला ठेवावा लागतो. पिठात चिकटपणा नाही, म्हणून हे कसब. ही भाकरी आगरी घरात होते, कोळ्याच्या घरात होते, कोकणी मुसलमानाच्या घरातही होते. कुणाची जाड, कुणाची पातळ, एवढाच फरक.

सुक्या मासळीचंही तसंच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात. जून-जुलैत तर आता सरकारी बंदीच असते. त्या महिन्यांसाठी मे महिन्यात डबे भरून ठेवायचे. बोंबील, सोडे, जवळा, सुकट, वाकटी. जवळा कांद्यावर कोरडा परतायचा, बोंबलाच्या कालवणात कैरीची फोड नाहीतर आंबोशी, सुकट वांग्यात. घराघरात मसाला बदलतो आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटतो. मसाल्यावरून भांडावं, त्यात मजा आहे. पण डब्यात मासळी कशी आली आणि का आली, याची कथा एकच आहे: पाऊस चार महिने पडतो.

आता ‘मुघलाई’चं बघू. भिवंडीतल्या मुसलमानांच्या घरात शिजतं ते सगळं मुघलाई, असा एक शिक्का तयार असतो. हा शिक्का मारणाऱ्याला भिवंडीत निरनिराळे मुसलमान आहेत हेही माहीत नसतं. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर वेगळे आणि हजार वर्षांपासून किनाऱ्यावर असलेले कोकणी मुसलमान वेगळे. बाबर दिल्लीच्या तख्तावर बसला १५२६ मध्ये. त्याच्या सहाशे वर्षं आधीची गोष्ट सांगतो. अरब प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१५-१६ च्या सुमाराला चौलला आला. तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमान दिसले, आणि त्यांत इथेच जन्मलेलेही होते, असं तो लिहितो. त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ मध्ये कोरलेला एक ताम्रपट डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडला आहे. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राचा. त्यात संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या मुलखाचा अधिकारी ‘ताजिक’ वंशाचा, म्हणजे अरब आहे. त्याचं नाव मधुमती. मूळ नाव मोहंमद असणार, असं अभ्यासक सांगतात. त्याच्याच परवानगीने भगवतीच्या नैवेद्याची सोय लावून देणारं हे दानपत्र आहे. आणि त्याच्या पुव्वय्या नावाच्या मंत्र्याने काय केलं, तर नदीवर फुकट होडी ठेवली आणि संयानला अन्नसत्र उघडलं. त्या सत्रात काय वाढत, तेही लिहिलेलं आहे: शाली तांदळाचा भात, कालवण आणि तूप.

हे वाचून मला जे वाटलं ते लपवत नाही. उत्तर कोकणात भात-कालवण वाढल्याची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही, आणि ती एका अरब अधिकाऱ्याच्या अमलातली आहे. ‘मूळ चवी’चा शोध घेणाऱ्यांनी हा पुरावा पचवून दाखवावा.

कोकणी मुसलमानांच्या ताटात शिरलं की मुघल आणखीच दूर जातात. सांदण घ्या. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, जुन्या पद्धतीत आंबवायला ताडी, आणि मग वाफ. हेच सांदण रत्नागिरीच्या ब्राह्मण घरात फणसाच्या रसात होतं. ख्रिस्ती घरातले सान्ने त्याचेच सख्खे भाऊ. शिरवळ्या घ्या. उकडलेल्या पिठाच्या, सोऱ्यातून पाडलेल्या, गुळाच्या आणि नारळाच्या दुधात. मुठे घ्या. तांदळाच्या पिठाचे मुठीत दाबून केलेले गोळे, मटणाच्या नाहीतर कोळंबीच्या रश्श्यात शिजवलेले, रस्सा दाट करणारे आणि पोट भरणारे. अकनी म्हणजे मटणाच्या पाण्यात, खड्या मसाल्यात शिजवलेला भात. तिच्यात केशर नाही, केवडा नाही, थरांचा थाट नाही. यात दिल्ली कुठे आहे? तंदूर तरी कुठे आहे? घरी तवा होता, मोदकपात्रासारखं वाफेचं भांडं होतं, नारळ खवायची विळी होती. म्हणजे शेजारच्या घरात जे होतं तेच. घरात बोलायची भाषा कोकणी वळणाची मराठी, शाळेत उर्दू. पण मराठी पाकपुस्तकांत या घरांना जागा मिळाली नाही.

पाकपुस्तकांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. दोन्ही पुस्तकं मोठी आहेत, आणि वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवणाऱ्या ओगलेबाईंचं ऋण तर महाराष्ट्र फेडू शकणार नाही. पण पुस्तक ज्या घरातून निघतं त्या घराचा स्वयंपाक त्यात येतो, आणि पुढे तोच ‘महाराष्ट्रीय’ म्हणून स्थिरावतो. मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाचं पुस्तक, शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’, यायला २०१५ उजाडावं लागलं. भिवंडी-कल्याणच्या कोकणी मुसलमान बायकांच्या हातची वही अजून वहीच आहे. छापलं गेलं नाही म्हणून अस्तित्वातच नाही असं मानायचं, आणि मग ‘बाहेरचं’ म्हणायचं, ही युक्ती जुनी आहे.

आणि शेवळं. ज्याला भिवंडीच्या जेवणाचा नकाशा एका जिनसात बघायचा असेल त्याने जूनच्या पहिल्या पावसानंतर बाजारात यावं. कातकरी, ठाकूर, वारली बाया रानातून शेवळांच्या जुड्या घेऊन येतात. तपकिरी-जांभळट कोंब, वर कोवळं पान गुंडाळलेलं. वर्षाच्या मोजक्या आठवड्यांत मिळणारा हा जिन्नस नीट केला नाही तर घसा असा खाजवतो की खाणारा पुन्हा नाव घेणार नाही. म्हणून जुडीबरोबर काकडं घ्यायची. काकडं म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी आंबट रानफळं. त्यांच्या रसाने खाज मरते. जाणती बाई जुडी देताना काकडं वेगळी मागायला लावत नाही, स्वतःच टाकते. आणि गिऱ्हाईक नवखं दिसलं तर आतला पिवळा भाग काढून टाक, असंही बजावते.

ही शेवळं सीकेपी घरात जातात आणि खिम्यात नाहीतर कोळंबीत पडतात. आगरी घरात डाळीबरोबर नाहीतर सोड्यांबरोबर. कोकणी मुसलमानाच्या घरात मटणात. तिन्ही घरं आपापली रीत ‘अस्सल’ म्हणून सांगतात आणि तिन्ही घरांना ती जुडी नि काकडं देणारी बाई मात्र कोणत्याच ‘अस्सल’ थाळीत दिसत नाही. ती स्वतः शेवळं कशी करते हे विचारायला कोणी थांबत नाही. मूळ चवीचा हिशेब खरोखर मांडायचाच असेल तर तो तिच्यापासून मांडावा लागेल. मग आगरीही उपरे ठरतील, आणि तुम्ही-आम्हीही. ते करायची कोणाची तयारी नसते. ‘मूळ’ची रेघ नेहमी स्वतःच्या पायामागेच ओढली जाते.

आता खरोखर बाहेरून आलेल्यांकडे वळतो, कारण त्यांना टाळून हा वाद जिंकण्यात मतलब नाही. १८५७ नंतर उत्तरेत जे झालं त्याने आणि त्याआधीपासून गिरणीच्या कापडाने विणकरांचा कणा मोडला. आझमगड, मुबारकपूर, मऊ, अलाहाबाद भागांतले मोमीन विणकर दक्षिणेला निघाले. बऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव आणि आग्रा रोडच्या या टोकाला भिवंडी. हातमाग त्यांनी आणला. विसाव्या शतकात त्याचा यंत्रमाग झाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं विणकाम इकडे सरकलं आणि गाव फुगलं. त्यांच्याबरोबर नहारी आली, पाये आले, खिचडा आला, सणाला शीरखुर्मा आला.

नहारी खाडीची नाही. ती इथल्या भाताच्या खाचरातून उगवलेली नाही, हे मी बिनदिक्कत मान्य करतो. रात्रभर मंद आचेवर शिजलेला नळीचा रस्सा आणि रोटी, हे सरळ उत्तरेतून आलेलं खाणं आहे. पण ते इथे टिकलं ते कौतुकासाठी नाही. माग रात्रंदिवस चालतो. रात्रपाळी करून सकाळी बाहेर पडणाऱ्याला गरम, तेलकट, स्वस्त आणि पोटाला आधार देणारं काहीतरी लागतं, ते नहारी देते. २०१५ च्या कायद्याने बैलाचंही मांस बंद झालं तेव्हापासून भांड्यात म्हैस आहे, रस्सा तोच. दीडशे वर्षं एखादी गोष्ट एखाद्या गावात रोज पहाटे शिजत असेल, तर ती त्या गावाची व्हायला आणखी किती वर्षं हवीत? उपरेपणाची मुदत कुठे लिहून ठेवली असेल तर दाखवावी. उपासाला चालणारी साबुदाण्याची खिचडी ज्या कंदापासून होते तो अमेरिकेतून आलेला आहे आणि सेलमचा साबुदाणा उद्योग १९४० च्या दशकातला आहे. तिला कोणी ओळखपत्र मागत नाही. देवाला चालते, मग भूमिपुत्राला चालायला काय हरकत आहे?

भाषणं करणाऱ्यांना शिवाजी महाराजांचं नाव प्रिय असतं, म्हणून एक आठवण. महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती ऑक्टोबर १६५७ मध्ये. दोन वर्षांत याच खाडीत स्वराज्याची जहाजं बांधली जाऊ लागली, आणि त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. जहाज हवं होतं, ज्याला येत होतं त्याला कामाला लावलं. उपरा म्हणून हाकललं नाही.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची कामतघर-पद्मानगरकडची घरं बघितली की माझा मुद्दा जास्त नीट कळतो. करीमनगर, नलगोंडा, वरंगळ हे समुद्रापासून दूरचे जिल्हे. तिथली बाई आंबट पाल्यात, म्हणजे अंबाडीत, सुकी कोळंबी घालतेच. पण ती कोळंबी दुरून यायची. इथे आल्यावर ती दाराशी आली. अंबाडी तिला इथल्या भाजीवालीकडेही मिळाली. तांदळाच्या पिठात तीळ, हरभऱ्याची डाळ, कांदा-मिरची घालून भांड्याच्या बुडाला थापलेली सर्वपिंडी करायला तांदळाचं पीठ तर इथे प्रत्येक घरात. संक्रांतीला सकिनालू. बतुकम्माच्या नऊ दिवसांत फुलांचे थर रचून बायका फेर धरतात आणि नैवेद्याला मलिदा करतात, भाकरी कुस्करून गूळ घालून. मलिदा कोकणी मुसलमानांकडेही होतो, तांदळाच्या पिठाचा, खोबरं-गूळ घालून. रायगड-ठाण्याच्या बेने इस्राएलांकडेही होतो, भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ आणि फळं. कोणी कोणाकडून घेतला याचा कोर्टात टिकेल असा पुरावा नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. एवढं दिसतं की तांदूळ, गूळ आणि नारळ जिथे स्वस्त, तिथे तो त्याच जिनसांचा होतो.

मागावरच्या एकट्या पुरुषांच्या जेवणाची सोय भिशीत होते. भिशी म्हणजे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण देणारी खानावळ. पुष्कळदा एका बाईच्या घरातच, त्याच चुलीवर, तिच्या मुलांच्या डाळीबरोबर. तेलुगू अक्का भात-पप्पू-चिंचेचा रस्सा वाढते, उत्तरेकडच्यांच्या भिशीत रोटी-डाळ-आलू, ओडिशाच्या कामगारांच्या भिशीत भाताचा डोंगर. हे घरगुती जेवण नाही, धंदा आहे, असं म्हणणारे भेटतात. मग गिरणगावच्या खाणावळी काय होत्या? कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला गावाची चव देणाऱ्या त्या बायकांनाच एकत्र करून प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या खाणावळवालीला आपण मराठी संस्कृतीची अन्नपूर्णा म्हणतो. तिचंच काम पद्मानगरातली अक्का करते तेव्हा ती उपरी होते. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, भिशीवाल्यांची उधारी बुडाली आणि चुली बंद पडल्या. कामगार आग्रा रोडने चालत निघाले, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला गाडी सुटली. लोंढे गेले म्हणून तेव्हा कोणी गुढ्या उभारल्या नाहीत. मागवाले त्यांना परत आणायला गाड्या पाठवत होते.

इथे दुसऱ्या काही मंडळींना थांबवलं पाहिजे. माझ्या बाजूने बोलतो असं वाटून ते पुढे येतात आणि सांगू लागतात की, बघा, भिवंडीत अन्नाने सगळ्यांना एकत्र आणलं, ताटात भेद नाही. हे खरं नाही. ताटात भेद आहे, भांड्यात आहे, घर भाड्याने देताना तर आहेच. १९७० च्या ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर हे गाव पेटलं, १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा पेटलं. त्या दोन्ही वेळी सुकट सगळ्यांच्या डब्यात होती आणि शेवळं सगळ्यांना आवडत होती. त्याने एकही घर वाचलं नाही. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, ती बिर्याणीमुळे नाही. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या होत्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या माणसांना महिनोन्‌महिने समोरासमोर बसवलं होतं, त्यामुळे. शांतता कष्टाने झाली. एकमेकांच्या घरचा खिचडा खाल्ला म्हणजे झालं, असा सोपा मार्ग सांगणारे लोक चांगल्या मनाचे असतील, पण ते इतिहास सांगत नाहीत. माझा दावा याहून लहान आहे: या चुली एकमेकींपासून वेगळ्या राहूनही एकाच खाडीवर, एकाच भातावर, एकाच रानावर जगत आल्या.

आणि म्हणूनच खाडी, भात आणि रान यांचं काय झालं हे विचारायला हवं. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली. या गावांच्या नावाने आज काय आठवतं? गोदामं. मुंबईची जकात २०१७ पर्यंत होती. जकातनाक्याच्या अलीकडे माल उतरवून ठेवायला ही गावं सोयीची होती. पुढे ऑनलाइन खरेदीने तर सगळ्या देशाचा माल इथे आणून टाकला. खाचरांवर भराव पडले, बांध गाडले गेले, खारफुटी तुटली. या जमिनींच्या सातबारावर आझमगडच्या विणकराचं नाव नव्हतं, करीमनगरच्या अक्काचंही नव्हतं. ज्यांची नावं होती त्यांनी त्या विकल्या किंवा भाड्याने दिल्या. मी त्यांना पापी म्हणत नाही. एकरभर भातात वर्षाकाठी जे सुटतं ते गोदामाच्या एका महिन्याच्या भाड्यापुढे काहीच नाही. मुलांची शिक्षणं, लग्नं, घरं त्यातूनच झाली. पण त्याच घरातल्या माणसाने व्यासपीठावर उभं राहून आमची चव परक्यांनी नासवली म्हणावं, हे मात्र खपवून घेता येत नाही.

मागवाल्यांनाही मी सोडणार नाही. सायझिंग आणि रंगाईचं पाणी कामवारीत जातं आणि कामवारी खाडीला मिळते. बोय, शिंगाळी, खरबे, निवटे, चिंबोऱ्या, ही खाडीची मासळी भिवंडीच्या घरांची रोजची होती. पैसे देऊन आणायची गरज नसायची, भरतीला पाग टाकला की संध्याकाळचं भागायचं. आज हमरस्त्यावरच्या ‘अस्सल आगरी-कोळी’ हॉटेलात जाऊन निवट्यांचं कालवण मागून बघा. सुरमई मिळेल, पापलेट मिळेल; खोल समुद्रातली मासळी, बर्फातून कुठून कुठून आलेली. मिठागरं राखणाऱ्या आणि खारजमीन कसणाऱ्या आगऱ्याच्या आजीने आयुष्यात सुरमईच्या किती तुकड्या तळल्या असतील? तिच्या जेवणातली खाडी काढून घेतली आणि मसाला तेवढा ठेवला, त्याला आपण ‘मूळ चव’ म्हणतो आहोत. हे कोणत्या परप्रांतीयाने केलं?

तांदळाचं तर विचारूच नका. शेजारच्या वाड्याच्या कोलमला, ज्याला तिथले लोक झिनी म्हणतात, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण ‘वाडा कोलम’ अशा पोत्यातून विकला जाणारा बराच तांदूळ वाड्याचा नसतो, हे दुकानदारही जाणतो आणि गिऱ्हाईकही. ज्या गावाचा धंदा एकेकाळी भात सडायचा, त्या गावात आज भाकरीचं पीठ परराज्यातून येतं. उपरं काय असेल तर ते हे आहे. आणि ते भरून आणणाऱ्या ट्रकला आपणच वाट करून दिली.

तेव्हा महोत्सव भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, आणि ती थट्टा नाही. पुढच्या वेळी मांडवात एक जागा शेवळं विकणाऱ्या बाईला द्या, भाड्याशिवाय. एक सांदण करणाऱ्या कोकणी मुसलमान घराला द्या, एक सर्वपिंडी करणाऱ्या अक्काला. महापालिकेला सांगा की पावसाळ्यात रानभाजी घेऊन येणाऱ्या बायकांना मंडईच्या दारातून हुसकावू नका. आणि ‘मूळ आगरी-कोळी चव’ असा फलक लावायचाच असेल तर खुशाल लावा. फक्त त्याच्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी लिहा: तांदूळ कुठल्या जिल्ह्यातला, मासळी कुठल्या पाण्यातली.